सहावी रेघ

फोंड्यातला पहिला मी नाकारला.
नवा हिरवा रंग, चकचकीत बटणं,
आणि विकणारा प्रश्नाआधीच उत्तरं देत होता.
झाकण काही उघडू देईना.
रंगाखाली काय असतं
ते नार्व्याच्या धक्क्यावरच्या कुठल्याही होडीला विचारा.

दुसरा दिवाडीला. फेरीबोटीने गेले.
पिशवीत, लोकरी मोज्यात गुंडाळून,
माझा खात्रीचा व्हॉल्व्ह, ईएल-चौऱ्याऐंशी,
ज्याची रेघन्‌रेघ मला पाठ.
दुसऱ्याचा तराजू बघायला जाताना
किलो आपल्या घरचा न्यावा.

व्हेनान्सियो आफोंस, जहाजावरचे निवृत्त रेडिओ ऑफिसर.
टेबलावर कर्व्ह ट्रेसर,
त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर सांत आंतोन.
आधी त्यांनी संताला उचलून खिडकीत ठेवलं,
मग स्विच दाबला.
“राव गो मात्शें. हीटर तापू दे.”

तोवर मी विचारायचं ते विचारलं :
प्लेटला तीनशेच्या वर किती व्होल्ट जातात,
ग्रिडला उणे पायऱ्या आहेत ना,
की ट्रान्झिस्टरचं यंत्र माझ्या गळ्यात मारताय,
नऊ पिनांचं सॉकेट ढिलं का लागतंय,
पावसाळ्यात हे धूड ठेवता कुठे.
“पलंगाखाली,” ते म्हणाले,
“एर्मेलिंदाच्या बाजूला. कुरकुर करायची ती.”
रुमालाची घडी त्यांनी दोनदा घातली.

पडदा उजळला.
एका कोपऱ्यातून सरसर वर चढून
मध्येच काही आठवल्यासारख्या आडव्या झालेल्या रेघा.
एक, दोन, तीन, चार, पाच.
मग मोकळी जागा.
मग सातवी.

मोज्यानेच धरून तापला व्हॉल्व्ह काढला, परत बसवला.
पुन्हा पाच. पुन्हा सात.
“सहावी येत नाही,” ते म्हणाले.
“तुझा व्हॉल्व्ह बरा आहे. खोट माझ्यात.
दोन वर्षं झाली.”

मी पडद्याला नाक लावलं.
पाचवी जरा जाड होती, जरा जास्त हिरवी.
“येते,” मी म्हटलं, “पाचवीच्या अंगावर पडते.
एक पायरी चढायची राहते, एवढंच.”
ते चष्मा शोधू लागले. चष्मा कपाळावर होता.

सहाव्या रेघेपायी दोन हजार कमी केले त्यांनी.
मी करू दिले. सौदा तो सौदा.
वर एक वही दिली :
कुठला कपॅसिटर कधी बदलला, कोणत्या बंदरात,
एका पानावर नुसतं, ‘वास येतो आहे. उद्या बघू.’

फेरीत दोन पोरांनी उचललं यंत्र,
स्कूटर आणि माशांच्या टोपल्यांमध्ये टेकवलं.
रुमाल माझ्याकडे आला. संत तिकडेच राहिला.

अजून झाकण उघडलेलं नाही मी.
पेडण्याच्या दशावतारी कंपनीचा ॲम्प्लिफायर
जत्रा तोंडावर आली तरी कोपऱ्यात पडून आहे.
रात्री दुकान बंद केलं की
जरा वेळ बघत बसते
ती पाचवी रेघ,
दोघींचं वजन घेऊन स्थिर.