प्रश्न नववा

अशोक चौकामागची गल्ली. यंत्रमागांचा खडखडाट
दाराच्या कडीतून बोटांत उतरतो.
मी फॉर्म काढते: माजी सैनिक, अनुक्रमांक एकशे बारा.
हवालदार इरय्या गुंडला
खुर्चीला पाठ न टेकता बसतात.

झोप? लागते.
भूक? हे काय, कडक भाकरी, शेंगाचटणी. घ्या तुम्ही पण.
नववा प्रश्न मी नेहमी खालच्या आवाजात वाचते:
गेल्या दोन आठवड्यांत, जगणंच नको, असं कधी…
"कधीच नाही. लिहा."
हजेरी द्यावी तसं.

मी शून्याला गोल केला.
उंबऱ्याशी पोचम्माक्का विड्या वळत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
"शुक्रवारचं इचार की गं."

शुक्रवारी या गल्लीतले माग बंद.
आदल्या मध्यरात्रीच पट्टे उतरतात,
आणि एवढी शांतता पसरते, की
ह्यांना बर्फातली ती चौकी ऐकू येते.
उठून बसतात दाराकडे तोंड करून.
कुणा लान्सनाईक पोराची माफी मागतात,
मलापण ने म्हणतात.

"मग मी मोठ्यानं विड्या मोजते.
ओकटी, रेंडू, मूडू…
पंचवीस झाल्या की जुडी. पुन्हा ओकटी.
उजाडेपर्यंत."

हवालदार आपल्या तळव्यांकडे बघत राहिले.
फॉर्मवर शुक्रवारला चौकट नाही.
मी शून्य खोडलं. कागद जरासा फाटला.
समासात लिहिलं: डॉक्टर. आजच. मी सोबत जाणार.

"बाई," ते हळूच म्हणाले,
"आज वार कोणता?"

गुरुवार होता.