मोरजकरांची किल्ली

लोहार चाळीत, झुंबरांच्या दुकानावरच्या पोटमाळ्यावर
मोरजकर बावीस वर्षं बसले
आणि उठले ते काचबिंदूनं.
जाताना मला सतरा गिऱ्हाइकं दिली,
एक टेबलफॅन,
आणि वहीच्या पानावर पोर्टचा नंबर,
पेन्सिलीनं.

म्हणाले, भाड्याची जागा आहे ही.
मालक कुठल्या देशात बसतो, आपल्याला ठाऊक नाही.
एका भिंतीला तीनशे बिऱ्हाडं, एकमेकांना न दिसणारी.
पासवर्डवर कुणाला आत घेऊ नकोस, किल्लीनंच घे.
आणि पहिल्या दिवशी
माझी किल्ली काढून टाक.

पहिल्या दिवशी यंत्रानं विचारलं:
या यजमानाची ओळख पटत नाही, पुढे जायचं?
खाली त्याचा ठसा, अक्षरांची गिचमीड.
मी यस टंकणारच होते.
पण त्यांनी फोनवर ती ओळ वाचून घेतली,
मोठं क्यू, छोटं आर, नऊ, तिरकी रेघ,
आणि पलीकडे शालिनीताई वहीशी ताडत होत्या:
"थांब गं, जी मोठा की छोटा?"

किल्लीचं परवलीचं वाक्य टंकताना
पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत.
खाली कुणी गिऱ्हाइकाला चाळीस दिव्यांचं झुंबर पेटवून दाखवत होतं
आणि वर मी आंधळी बोटं चालवत होते.

मग आत.
आत म्हणजे काळा पडदा, उघडमीट करणारा एक चौकोन.
वरचा बाण दाबला
तर मोरजकर.
एलएसच्या जागी एसएल, पुन्हा एसएल, मग दुरुस्त.
माझगावच्या पतपेढीचं फोल्डर सगळ्यांना उघडं केलेलं,
आणि पुढच्याच ओळीत घाईघाईनं बंद.
कुणाला कधी कळलं नसेल.

किल्ल्यांच्या फाइलीत दोन ओळी.
खालची माझी.
वरचीच्या शेपटाला त्यांनी लिहिलेलं: दिगंबर, पोटमाळा.
एका ओळीचं काम.
मी चहा मागवला. पतपेढीचा बॅकअप घेतला.
उद्या करू म्हटलं.

बुधवारी आत शिरले तर
शेवटचा प्रवेश माझा नव्हता:
मंगळवार, पहाटे पावणेतीन, कांजूरमार्गहून.
केलं काय? एसएल. एलएस. एक्झिट.
ज्याला पडदा दिसत नाही
तो यादी कशाला मागवतो?

त्या संध्याकाळी सतराही ठिकाणची ती ओळ खोडली.
दुकानाचं शटर ओढेपर्यंत पुरलं ते काम.

शुक्रवारी कंपनीच्या पॅनेलवर नोंद:
पावणेतीन, किल्ली नाकारली.
दोन मिनिटांनी पुन्हा, नाकारली.
तिसऱ्यांदा नाही.

दहाला त्यांचा फोन.
मी श्वास धरून.
दार लागलंय का हे बघायला आले होते,
की नुसते आले होते,
विचारायचं ओठांवर आलं होतं.

"खाली बारा वॅटचा बल्ब कितीला झाला गं?"
मी जिन्यातून ओरडून विचारलं, सांगितलं.
"महागला," म्हणाले.
मग बराच वेळ नुसता त्यांच्याकडचा कुकर.

"फॅन तीनवर ठेवू नकोस," म्हणाले,
"जाळी सैल आहे."