फाटक्या कानाची डुकरीण

जेड कापत नाहीत, बाबा म्हणायचे,
जेड झिजवतात.
कापते ती वाळू. आपण फक्त दोरी ओढायची
आणि तोंड मिटून ठेवायचं.

माझ्याकडे ओल्या वाळूचं काम.
दोरी मागे गेली की चिमूटभर वाळू,
पुढे आली की थेंबभर पाणी,
दिवसभर सस्सर्र, सस्सर्र,
आणि संध्याकाळी केसाएवढी खाच.
केस माझाच उपटून मोजायचे ते.

त्या वर्षी राजाची आत्या अंथरुणाला खिळली
आणि आयत्या वेळी धावपळ नको
म्हणून कारकून फू चोंग सी नदीच्या काठी
आमच्या दारात येऊन दगड तोलून देऊन गेला:
जिभेवर ठेवायला एक सिकाडा,
दोन मुठींत दोन डुकरं.
दगड पश्चिमेकडच्या नदीतला, चरबीसारखा पांढरा,
उंटावरून, मग बैलगाडीतून,
मग फू चोंगच्या मांडीवर बसून आलेला.

त्याच वर्षी आमच्या आईनेही अंथरूण धरलं.
तिच्यासाठी कुणी काही तोललं नाही.

सिकाडा लवकर झाला, दोन पौर्णिमांत.
सात-आठ रेघा, बस.
डोळे, पंख, पोट.
जास्त रेघा मारतो तो घाबरलेला असतो, बाबा म्हणाले.
हा किडा वर्षानुवर्षं जमिनीखाली राहतो,
मग वर येऊन कात टाकतो आणि ओरडत सुटतो.
बाईसाहेबही तसंच करतील, अशी आशा आहे म्हणे.
आई अंथरुणातून म्हणाली,
त्या आत्ताच पुरेशा ओरडतात.
(ती त्यांच्याकडे धुणं धुवायची, लग्नाआधी.)

घोडं अडलं ते डुकरांपाशी.
बाबांनी आयुष्यात शंभर डुकरं घडवली असतील,
तरी रोज सकाळी कुडापाशी जाऊन उभे.
आत आमची डुकरीण.
डावा कान शेजारच्या कुत्र्याने फाडलेला,
चिखलात बसली की बसली.
आईने तिला पायाने ढकलत वाढवलं,
आणि ज्या शिव्या ती आम्हाला कधी देत नव्हती
त्या सगळ्या तिला दिल्या.

वसंत सरता सरता वैद्याचे पैसे द्यायला ती विकली.
जाताना तिने गोंधळ घातला नाही.
आईने भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दोरी उचलली.
पोट सपाट, नाक आखूड, पाय अंगाखाली घेतलेले,
डुकरं करायची रीत असते तसंच सगळं.
मग डावा कान.
त्या एका खाचेला अख्खे तीन दिवस.
मी पाणी घालत राहिले. विचारलं नाही.

फू चोंगने तराजू काढला,
मग अंगठा फिरवला, थांबला.
'कानाला काय झालं?'
'शीर होती मालक. तिथे दगडानं कच खाल्ली.'
त्याने लिहून घेतलं.
वजन जेवढं कमी भरलं
त्यापुढे लिहिलं: वाळूत गेलं.

आई आत्याबाईंच्या चार दिवस आधी गेली.
घरात होतं काय?
मी पाटाखालची कुंडी खरवडली.
तळाशी गाळ होता, पांढुरका, बुळबुळीत,
वाळू कुठली, दगड कुठला, सांगता न येणारा.
आईच्या दोन्ही मुठी त्याने भरल्या.
आकार द्यायला गेले, जमेना.
बोटांच्या फटींतून थोडा ओघळला,
तो पुसला नाही.
बाबा दारात उभे होते. काही बोलले नाहीत.
फू चोंगच्या वहीत त्याचा हिशोब आधीच झाला होता.

आत्याबाईंना डोंगर पोखरून आत ठेवलं,
दारावर दगडांच्या चार रांगा लावल्या.
त्यांच्या डाव्या मुठीत आमची डुकरीण आहे.
त्यांना कुणी सांगितलेलं नाही.
कात टाकून उठल्या की कळेलच:
ती हाकेला येत नाही.
तिला पायाने ढकलावं लागतं,
आणि शिव्या
आमच्या आईच्याच लागतात.