ऐच्छिक

फॉर्मवर छापलं होतं : ऐच्छिक विषय.
अर्थशास्त्र भरलं होतं, भूगोल भरला होता.
खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं,
राज्यशास्त्र आणि तत्त्वज्ञान, चालेल?
मागे रांग होती. चालेल म्हटलं.
पुढे इच्छास्वातंत्र्यावर पंधरा मार्कांचा प्रश्न आला
तेव्हा ती खिडकी आठवली,
पण उत्तरपत्रिकेत खिडकी लिहिता येत नाही.

हत्तुरे सर सामाजिक करार शिकवायचे.
पंखा बंद, मार्चातच बेचाळीस,
खडू घामाने मऊ व्हायचा त्यांच्या बोटांत.
राज्य नव्हतं, म्हणायचे, माणसं एकत्र आली
आणि त्यांनी करार केला.
सही कुणी केली सर?
वर्ग हसला. सर हसले नाहीत.
सही नसते येलदी, म्हणाले. गृहीत धरतात.

गृहीत धरणं मला घरून ठाऊक होतं.
हजारासाठी आई अकराशे विड्या वळते,
शंभर छाटीत जाणार हे धरूनच.
चेकर मूठभर उचलतो, बाजूला टाकतो.
त्या वाईट असतात असं नाही,
फक्त मग त्या तिच्या राहत नाहीत.
मालमत्तेच्या प्रकरणात मी वाचलं :
माणूस ज्यात आपले श्रम मिसळतो ते त्याचं होतं.
आईला वाचून दाखवलं, आमच्या तेलुगूत, अडखळत.
कात्री चालूच होती पानावर.
एंदुकु? एवढंच म्हणाली.
आमच्यात त्याचा अर्थ 'का' असा होतो,
आणि 'कशाला' असासुद्धा.

तर्कशास्त्राला धूर लागायचा.
पर्वतावर धूर आहे, म्हणून अग्नी आहे.
वर्गाच्या खिडकीतून बंद गिरणीची चिमणी दिसायची,
सर तिच्याकडे पाठ करून विचारायचे :
धूर नाही, म्हणून अग्नी नाही, असं म्हणता येईल?
येणार नाही. तापलेल्या लोखंडाचा गोळा घ्या.
मी वहीत लिहिलं : मे महिन्यातला आमचा पत्रा.

एकदा त्यांनी पुस्तक मिटलं.
म्हणाले, हे आपल्या गावात होऊन गेलंय.
एकोणीसशे तीसचा मे. साहेबाचं राज्य
तीन-चार दिवस सोलापुरातून निघून गेलं होतं,
चौकात रहदारी बघायला पोरं उभी होती.
मग मार्शल लॉ आला.
आता सांगा, त्या दिवसांत इथे राज्य होतं की नव्हतं?
पंखा नव्हताच. कुणी बोललं नाही.

घरी येऊन शेजारच्या नरसय्या तातांना विचारलं.
त्यांचा बाप गिरणीत होता तेव्हा.
तात्यांनी खूप वेळ आठवलं, नातवाला पाणी मागितलं,
मग म्हणाले, बाप एवढंच सांगायचा,
नळ रोजच्या वेळेला आला होता.
आम्हाला आता पाचव्या दिवशी येतो.
रात्री दोनला, कधी साडेतीनला.
हे मी परीक्षेत लिहिलं. सार्वभौमत्वाच्या उत्तरात,
शेवटच्या परिच्छेदात, शाई संपत आलेली असताना.
किती मार्क पडले कळायला मार्ग नाही,
एकूण बेरीज तेवढी येते.

दिवाळीच्या आधी आई कारखान्यातून
रिकामं सूप घेऊन आली.
चेकरनं मूठ उचलली,
तेव्हा तिने विचारलं होतं, एंदुकु?
तो तेलुगूच. त्याला दोन्ही अर्थ कळले असणार.
मूठ परत ठेवली त्याने, सगळ्यांसमोर.
आणि पुढच्या आठवड्याला तिला पानं अर्धीच दिली.

ह्याला तुमच्या पुस्तकात काय म्हणतात, तिने विचारलं.
सत्ता. दंड. वैधता.
मराठीत मला भराभर सुचले,
तेलुगूत एकही नाही.
ती उत्तराची वाट बघत होती की नव्हती कुणास ठाऊक.
बाहेर नळ खाकरला.
आज पाचवा दिवस होता, आम्ही घागरी लावायला उठलो.