तांबड्या रकान्यातली ओदील

इथलं सगळं दूध एकाच तांब्याच्या कढईत पडतं,
अठरा गोठ्यांचं.
कुणाचं कुठलं, ते पडल्यावर सांगता येत नाही.
एकाच्या दुधात मिठाचा खडा
म्हणजे चार महिन्यांनी तळघरात
चीजची चाकं फुगतात, तडकतात, सगळ्यांचीच.
जुरा डोंगरातल्या पोरांना हे शाळेआधी कळतं.

मी त्यांना तेच पासवर्डबद्दल सांगायला गेले.

माझ्याकडे तक्ता होता. उभी शक्यता, आडवं नुकसान,
गुणाकार येईल तो रंग.
आन्सेल्मने विचारलं, "हिमवादळ कुठल्या रकान्यात?"
म्हटलं, ते माझ्या खात्यात येत नाही.
"वीज जाते ना त्याने,"
एवढंच बोलून तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

मग ओदील.
वय एकोणऐंशी, गाई सव्वीस, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
तिचा पासवर्ड शेजारच्या थिबोला ठाऊक,
थिबोच्या बायकोला, टँकरवाल्याला,
शिवाय गोठ्याच्या फळीवर खडूने लिहिलेला,
गाभण गाईंच्या तारखांखाली.
"मी पडले तर दुधाची नोंद कोण करणार?"
"नियमात बसत नाही."
"पडणं?"

मी तिला तांबडा रंग दिला.
त्या रात्री झोप येईना.
एकमेकांच्या भरवशावर उभ्या राहिलेल्या माणसांना
मी कुठल्या तोंडाने अविश्वास शिकवत होते?
पण संस्थेच्या जुन्या वहीत एक पान निघालं, फिकट जांभळ्या शाईचं:
कुणा एकाने दुधात पाणी घातलं, दंड झाला,
आणि खाली, वेगळ्या हाताने:
सोमवारपासून सगळ्यांचं दूध तपासायचं.
अध्यक्षाचंही.

फेब्रुवारीत, पहाटे चारला, पडदे काळे झाले.
चाकं उलटणारा रोबो मधल्या रांगेत
हात वर करून थांबला,
हजेरीत नाव पुकारल्यासारखा.
पडद्यावर रक्कम, उलटं पळणारं घड्याळ, मोडकीतोडकी फ्रेंच.
सगळ्यांनी आधी ओदीलकडे पाहिलं.
मीही.

भोक तिच्या फळीवर नव्हतं.
तळघराची थंडी दुरून सांभाळणारी कंपनी,
तिची खिडकी आमच्या यंत्रात चोवीस तास उघडी,
आम्हीच पैसे भरून उघडी ठेवलेली.
कुंपणाने शेत खाल्लं होतं
आणि ते कुंपण माझ्या तक्त्यात हिरवं होतं.

एक सभासद, एक मत.
खंडणी द्यायची नाही: अकरा. द्यायची: सात.
त्या सातांना मी नावं ठेवत नाही,
मार्चचे हप्ते त्यांच्याही डोक्यावर होते.
नऊ दिवस आम्ही चाकं हातांनी उलटली,
एकेक चाळीस किलोचं.
बॅकअप सापडला, तो सहा आठवडे शिळा.
मधल्या दुधात कुणाचं किती
यावर अजून दोन घरं बोलत नाहीत.

आता तक्ता नवा आहे.
कंपनीची खिडकी आम्ही उघडू तेव्हाच उघडते,
बॅकअप दर शुक्रवारी परत लावून बघतो,
आणि पहिल्या ओळीत माझं नाव आहे,
रंग सभेने ठरवायचा.

प्रत्येकाला अंगठ्याएवढी एक किल्ली दिली.
ओदीलच्या गोठ्यात दोन:
एक तिची, एक थिबोच्या नावाची.
"म्हणजे तो माझ्या जागी आला
की यंत्राला कळणार, हा थिबो?"
"हो."
"गाईंना कधीचं कळतं," ती म्हणाली,
आणि ओला फडका घेऊन फळीपाशी गेली.
डोळे अगदी लाकडाला टेकवून
तेवढी एक ओळ पुसली.
तारखा ठेवल्या.