डावरा

औशाहून आलेली जीप पायथ्याशी थांबली
तेव्हा अण्णा म्हणाले, मी खालीच बसतो.
मग चपला काढल्या, परत घातल्या
आणि सगळ्यांच्या पुढे चढून गेले.

खरोसा. तांबडा, भोकाभोकांचा डोंगर,
जांभा, नखानं ओरखडा निघेल असा.
गाइड सुरवसे. गळ्यात शिट्टी, हातात जेवणाचं ताट.
बॅटरीला सेल लागतात, म्हणाला, ह्याला नुसतं ऊन.
लेण्याच्या उंबऱ्यावर उभं राहून त्यानं ताट तिरकं केलं
आणि सूर्याची एक भाकर
आतल्या भिंतीवर नेऊन ठेवली.

हे नाक, तो म्हणाला. तिथे खड्डा होता.
हा मुकुट. तिथे पाझराचा जुना ओघळ.
आणि हे हसतायत, बघा.
आम्ही अकरा जणांनी माना लांब केल्या.
सांगितल्यावर खरंच
कुणीतरी हसत होतं.
एका पोरानं कूऽ केलं. डोंगरानं त्यातलं थोडं परत दिलं,
उरलेलं ठेवून घेतलं.

अण्णा देवाकडे बघतच नव्हते.
आधी छताकडे, मग त्या कोपऱ्याकडे
जिथे मूर्ती नाही, नक्षी नाही, नुसती छिन्नी चाललेली.
हात लावायचा नाही काका, सुरवसे म्हणाला.
अण्णांनी लावला.
खाचेखाचेतून बोट खाली येत गेलं,
मी बँकेत पासबुकावरून फिरवते तसं, ओळ न चुकवता.
"ह्यो डावरा व्हता.
घाव बगा, समदे हिकडून तिकडं.
हितं छिन्नी बोथटली. हितं पाजळून आणली.
हितं..." बोट थांबलं.
"हितं जेवायला गेला."

अण्णांनीही भिंती घातल्या होत्या. तीन गावांत,
दगड-मातीच्या, दोन हात रुंद.
किल्लारीच्या त्या पहाटेनंतर
कुणी त्यांच्याकडे दगडाचं काम घेऊन आलं नाही,
आणि माळ्यावरचा घण
त्यांनीही कधी खाली मागितला नाही.
आम्ही पत्र्याखाली वाढलो. पाऊस फार मोठ्यानं ऐकला.

"त्या पहाटं हितलं काय पडलं?"
सुरवसेचं ताट कललं, ऊन आमच्या पायांशी आलं.
"थोडी माती, काका. आणि वटवाघळं बाहेर आली, आमचे वडील सांगायचे."
अण्णा भिंतीला हात लावून तसेच.
"ह्यानं रचलंच न्हाई," शेवटी म्हणाले,
"नुस्तं काढत गेला.
आमी रचत बसलो."

बाहेर कुणीतरी पेरू कापत होतं, तिखट-मीठ लावून.
अण्णांनी डाव्या हातात नसलेली हातोडी धरली,
हवेत दोन घाव घातले,
न जमून स्वतःशीच मान हलवली.

आत दुसरी तुकडी शिरली होती. शाळेची.
हे नाक. हा मुकुट. हे हसतायत, बघा.
मग थोडं थांबून, नव्या आवाजात:
आणि ह्या कोपऱ्यात, हात न लावता,
हा कोरणारा डावरा होता.
इथून तो जेवायला गेला.

एका मुलीनं विचारलं, मग आला का परत?

सुरवसेकडे हे नव्हतं.
पायरीवर बसून चपलेचा पट्टा ओढता ओढता
अण्णा वर न बघता म्हणाले,
"आला की."