कुलुपांची वही

आमच्या चर्चला घंटा नाही.
रुळाचा एक तुकडा आहे, हातभर लांब,
सुरतेच्या लाइनीवर रूळ बदलले तेव्हा
शिमोन गावीतच्या बापाने खांद्यावरून आणलेला.
विकत की उचलून, कोणी विचारलं नाही.
आता तो प्रार्थनेलाच लागलाय.

त्या साली पाळक नवे होते, नगरकडचे.
म्हणाले, दारिद्र्याविषयी जागृती करू.
नवापूरहून कापडी फलक रंगवून आला,
त्यात ‘दारिद्र्य’च चुकलेलं.
रिबकाबाई म्हणाली, राहू द्या,
कसंही लिहा, इथं ओळखू येतं.

रविवारच्या शाळेत पोरांना कागद वाटले
आणि पाळक म्हणाले, गरिबी काढा.
मागच्या बाकावर वेस्ताबाबा हसला,
आम्ही सत्तर वर्षं काढतोय, म्हणाला,
संपत नाही.

कोणी रिकामी थाळी काढली, कोणी फाटका सदरा,
पुस्तकात असतो तसा.
जेनू वसावेने कुलूप काढलं.
पानभर एकच कुलूप,
किल्लीचं भोक इतकं गिरवलेलं की कागद फाटला.
घर कुठंय, पाळकांनी विचारलं.
घर आतमध्ये.
आणि तू?
मी ट्रकात. परवा.

त्या रात्री आम्ही बॅटरी घेऊन निघालो,
मी, शिमोन आणि पाळक. कुत्री भुंकत मागे.
माणसं मोजायला होतीच कुठं?
दाराला दार लावून कुलुपं मोजली. एकेचाळीस.
कुडाच्या भिंती, बोट घातलं तर आरपार,
आणि दारावर पक्कं पितळी कुलूप.
आत काय? एक कणगी, एक खुराडं,
शाळेचं दप्तर खुंटीला.
पाळक एका उंबऱ्यावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत.
फलक मग आम्ही जमिनीवर अंथरला.
त्यावर पहिल्या थंडीत सात पोरं झोपली.

सोपं नव्हतं. पंचमंडळ म्हणालं,
पैसा छपराचा आहे. (छप्पर अजून गळतं.)
उवा झाल्या, जुलाब झाले,
एक पोरगा आई आई करत लाइनीपर्यंत पळाला,
शिमोनने त्याला मालगाडीच्या आवाजात धरून ठेवलं.
रविवारच्या अर्पणात कधी चौऱ्याऐंशी रुपये,
कधी तीन अंडी.

भाकरीच्या पाळ्या मी लावायचे.
गुरुवार कोणी घेईना.
तेव्हा टेकडीवरची गुंजीबाई आली,
याहा मोगीला मानणारी,
जिच्या नवऱ्याने चर्चच्या हद्दीवरून
आमच्याशी चार वर्षं भांडण केलं होतं.
टोपलीभर नागलीचे रोट ठेवले आणि म्हणाली,
झोपू दे तुमच्या देवाकडे.
भूक गावाची आहे.
तेव्हापासून गुरुवार तिचा.

जाणारे आता पोरं ठेवून जातात
आणि किल्ल्याही माझ्याकडे देतात.
रुळाखाली खिळा आहे, त्याला टांगते.
रूळ वाजला की त्याही वाजतात,
जरा उशिरा.

वही आता जेनू लिहिते. नववीत आहे.
यंदा अडतीस.
वरून पत्र आलं, अहवाल पाठवा,
तीन कुटुंबं स्थिरावली असं लिहा.
जेनूने लिहिलं, मग खोडलं.
दोन म्हणा, म्हणाली.
एका घरी बचत गटाच्या शेळ्या आल्या,
एकाला डाळ मिलमध्ये काम लागलं.

तिसरं घर श्रावणात बसलं.
दार उताणं पडलेलं सापडलं,
कुलूप तसंच लागलेलं.
किल्ली खिळ्यावर आहे.
माणसं अजून बारडोलीला, त्यांना कळवायचंय.